हात न पोचणारा मास्तर

मंचरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला, तेव्हा पालक काय काय विचारतात ते पहिल्या महिन्यातच लिहून काढलं. फी किती, बॅच कधी, सर्टिफिकेट नोकरीला चालतं का, मुलींना वेगळं बसवता का. उत्तरं मोठ्या अक्षरात छापून दारालाच चिकटवली, म्हणजे रोज तेच बोलण्यात घसा जायला नको. एक गोष्ट मात्र त्या कागदावर बसेना, कारण तो प्रश्न नव्हताच, परवानगी होती. पालक पोराला दंडाला धरून आत आणायचे, खुर्चीत दाबून बसवायचे आणि म्हणायचे, "मारायचं असंल तर मारा मॅडम. आमची हरकत न्हाई."

"इथं मशीन शिकवतं," मी सांगायचे. "मारत नाही कोणी."

असेच एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. त्यांनी टोपी मागे सारली आणि बंद मॉनिटरकडे बराच वेळ बघितलं. "मग ते शिकंल कसं?"

माझे वडील दारापाशी स्टुलावर बसलेले असायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा म्हणाले, "पावणं, ह्या एका प्रश्नापायी आमच्या घरात हाडं मोडून झाल्यात," आणि त्यांनी आपला डावा अंगठा वर करून दाखवला. तो अंगठा वाकत नाही.

आजोबांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

नव्वदच्या दशकात आम्ही मंचर आणि बेल्ह्याच्या मधल्या एका गावात राहत होतो. आबांचा धंदा लाउडस्पीकरचा. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, मायक आणि बेल्ह्याच्या बाजारात जुना मिळालेला मोठा टेपरेकॉर्डर, एवढा संसार सायकलला बांधून ते लग्नं, जत्रा, सप्ताह, निवडणुका करायचे. थोडी शेती होती, ती आई बघायची. मी आणि माझा भाऊ एकाच वर्गात होतो. मला शाळेत उशिरा घातलं, आणि तो माझ्यामागे रडतो म्हणून त्याला लवकर.

आमच्या हायस्कूलचे गणिताचे सर मारण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांचं गणितही प्रसिद्ध होतं. बोर्डाच्या निकालात आमची शाळा गणितात वर असायची, म्हणून लांबलांबच्या गावांची पोरं सायकली मारत यायची. मारण्याचे प्रकार ठरलेले होते. गृहपाठ नसेल तर तळहातावर छडी. आकडेमोड चुकली तर पाठीत गुद्दा. फळ्यापाशी अडलं तर केस धरून कपाळ फळ्यावर. आणि कारण सांगता आलं नाही, म्हणजे ही पायरी का लिहिली असं विचारल्यावर गप्प राहिलं, तर कानफटात. कारणाला ते फार जपायचे. छडी खाणाऱ्याने मोठ्याने मोजायचं आणि प्रत्येक आकड्यापुढे सर म्हणायचं, हाही नियमच होता. मुलींना फक्त छडी. आम्हाला ते सवलत दिल्यासारखं वाटायचं.

दहावीचं वर्ष सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. भावाला फळ्यापाशी बोलावलं होतं. त्याने आकृती बरोबर काढली, दोन ओळी बरोबर लिहिल्या, तिसरीही बरोबर लिहिली. सर म्हणाले, "का?"

भाऊ गप्प.

आवाज असा आला, जसं जड पुस्तक फरशीवर आपटावं. तो पहिल्या बाकावर आडवा पडला, उठला, पायजमा झटकला आणि जागेवर जाऊन बसला. डोळ्यांत पाणी नव्हतं. थोड्या वेळाने त्याने करंगळी डाव्या कानात घातली आणि काढून बघितली. करंगळी लाल होती. सर म्हणाले, "पुढचा," आणि पुढचा उठला.

घरी आईने लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्या दिवशी मंचरला डॉक्टरांनी बॅटरी लावून आत बघितलं आणि आधी तेलावरूनच आईला झापलं. मग म्हणाले, "पडदा फाटलाय. भरून येईल, कदाचित थोडाच येईल. पण ह्या बाजूला पुन्हा मार बसला, तर हा कान गेला असं समजा."

आबांनी विचारलं, "भोंग्याचा पडदा गेला तर मी नवा टाकतो. ह्याचा मिळतो का?"

"मिळत नाही."

येताना एसटीत भाऊ खिडकीकडे बघत म्हणाला, "मी शाळेत जाणार नाही." हट्ट करणारा मुलगा नव्हता तो. तारीख सांगावी तसं त्याने सांगितलं. घरात त्याच्या आधी कोणी दहावी झालेलं नव्हतं. मी होईन असं सगळे धरून चालले होते, पण आबांचा जीव त्याच्यात अडकला होता. त्यांना तो रेडिओ दुरुस्तीच्या कोर्सला जायला हवा होता आणि त्याला दहावी लागायची, गणितासकट.

आमचे चुलते संध्याकाळी कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आले. "चल, मास्तरचं हात मोडून येऊ."

आबा म्हणाले, "हात मोडल्यावर पोराला गणित येईल का?"

"मग काय आरती ववाळतो त्याची?"

"माणूस मारतो. मशीन मारत न्हाई," आबा म्हणाले आणि टेपरेकॉर्डर पुसायला बसले.

पुढचा विचार त्यांनी आम्हाला जेवताना सांगितला. अजून दहा-वीस वर्षांनी शाळांना भिंतीच राहणार नाहीत. मास्तर मुंबईत बसेल आणि पोरं इथे ओट्यावर बसून ऐकतील. नको तेव्हा बटण दाबायचं की तो गप्प. "लई हुशार मास्तर, पण हात पोचणार न्हाई त्याचा. लोकं मला येडा म्हणतील, पण हे व्हणार." तोपर्यंत आपण आपल्या घरापुरतं आजच सुरू करू. मी टेप शाळेत न्यायचा, तास भरायचा, भावाने तो घरी ऐकायचा.

आबा शाळेत जाऊन बोलले. मुख्याध्यापकांना पोलिसात तक्रार नको होती. ते म्हणाले, "हजेरीचं मी बघतो." गणिताच्या सरांनी माझ्या हातातला टेप पाहिला, रुमालाने टेबलाचा कोपरा पुसून दिला आणि म्हणाले, "इथं ठेव. खडूची धूळ जाऊ देऊ नको." पहिल्या तासाला त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. त्या दिवशी कोणालाही मार बसला नाही.

टेप रोज न्यायचा म्हणजे काम होतं. त्यात मोठे सहा सेल लागायचे आणि त्यांच्या वजनाने माझा खांदा उतरायचा. सेल मंदावले, की आबा पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे. मग ते आणखी दोन-तीन तास चालायचे. कॅसेटची एक बाजू संपली, की खट्ट आवाज यायचा आणि मी उठून ती उलटायचे. तोवर सर खडू हातात धरून थांबायचे. असं थांबताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर मी प्रत्येक कॅसेटवर प्रकरण आणि बाजू लिहून खोक्यात लावायचे.

आठवडाभरात सर टेपला विसरले. छडी पुन्हा चालू झाली, आणि टेपने तीही भरून घेतली.

भाऊ ओट्यावर बसून उजवा कान स्पीकरला लावायचा. मार आला, की बटण दाबून पुढे पळवायचा. पण कुठवर पळवायचं याचा अंदाज चुकायचा आणि मधूनच एखादी किंकाळी यायची. आई चुलीपाशी थांबायची. "कुणाचं गं?" मला आवाजावरून सांगता यायचं. तीही मग त्या पोराच्या आईला विहिरीवर भेटली, की बोलता बोलता डोळे खाली घालायची.

पोरांना बातमी लागली. शाळा सुटल्यावर पाच-सहा जण ओट्यासमोर उभे राहायचे. "ए, माझं लाव की रं. मंगळवारचं." आपला मार ऐकायला ती आलेली असायची. कोणाच्या छडीचा आवाज खणखणीत आला, कोण चिरक्या आवाजात मोजत होता, यावर पैजा लागायच्या. स्वतःचं रडं ऐकून ती लोळून हसायची.

"परत लाव, परत लाव. सात म्हणताना बघ कसं शेळीवानी वराडलंय."

भाऊ हसत नसे. एकदा त्याने हात झटकला आणि म्हणाला, "लाव म्हणताना तुम्हाला कसं काही वाटत नाही?"

"आता कुठं दुखतंय त्यात?" त्यातला एक म्हणाला. हा गावातल्या मोठ्या बागायतदाराचा धाकटा मुलगा, अंगाने आमच्यापेक्षा दांडगा, आणि सगळ्यांत जास्त मार खाणारा. "तवा दुखलं. आता नुसता आवाज हाय."

बीजगणित कॅसेटवर जमलं. भूमितीने घात केला. टेपमधून सर सांगायचे, "आता हा कोन बघा. ह्याच्यासमोरचा हा. ही रेषा ह्या रेषेला समांतर, म्हणून हा ह्याच्याएवढा. कळलं?" आणि सगळा वर्ग एका सुरात, "हो सर." ओट्यावर बसलेल्या भावाला काय कळणार? मी आकृत्या उतरवून आणायचे, पण सरांचं बोट कधी कुठे होतं ते मलाही आठवायचं नाही. तो कॅसेट मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचा. हा कोन, हा कोन. शेवटी वैतागून टेपलाच विचारायचा, "हा म्हणजे कुठला पण?" टेप पुढचं सांगत राहायचा.

सहामाहीला मुख्याध्यापकांनी त्याला ऑफिसात वेगळं बसवून पेपर घेतला. भूमितीत त्याने एका पानावर फक्त आकृती काढली होती आणि खाली काही नाही. आबांना मी सांगितलं. ते म्हणाले, "पुढं चित्राचं पण मशीन निघंल." पुढे निघालंही. पण भावाची परीक्षा मार्चमध्ये होती.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई लागली. आबांना गाण्यांसाठी कॅसेटी कमी पडायला लागल्या. नव्या घेण्यापेक्षा भावाचं जे प्रकरण होऊन गेलं त्याच्या कॅसेटवर ते गाणी भरायचे. गाणी बाजूच्या शेवटापर्यंत पुरली नाहीत, तर उरलेल्या पट्टीवर जुनं तसंच राहायचं, हे त्यांना ठाऊक होतं. गाणी संपली, की ते हाताने बंद करायचे.

त्या दांडग्या मुलाच्या थोरल्या भावाचं लग्न निघालं. मुलगी बेल्ह्याकडची, वऱ्हाड मोठं, दोन्ही भोंगे देवळापुढच्या लिंबावर बांधलेले. दुपारी लग्न लागलं आणि पंगती बसल्या. आम्ही सगळे होतो. मी बायकांच्या पंगतीत वाढत होते, भाऊ टेपपाशी बसला होता. शेवटून दुसऱ्या पंगतीला कोणीतरी आबांना ओढून बसवलं. "आवो, मशीन काय पळून जातंय का? दोन घास खावा." सर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर होते. मानाची टोपी आणि टॉवेल त्यांना मिळाला होता.

गाणं संपलं. जरा खरखर झाली. मग सगळ्या गावावर आवाज आला, "उभा रहा."

पंगतीत बसलेली आमच्या शाळेची चार-पाच पोरं भाताने भरलेल्या हातासकट उभी राहिली.

वऱ्हाड हसलं. त्यांना वाटलं, लग्नातली काही गंमत आहे. भोंग्यातून सर म्हणत होते, "हात पुढे. मोज."

"एक सर. दोन सर."

प्रत्येक छडीचा आवाज लिंबावरून निघून देवळाच्या भिंतीवर आदळून परत येत होता, म्हणजे एक छडी दोनदा बसत होती. मोजणारा आवाज कोणाचा ते गावाला ओळखू आलं. आमटीची बादली हातात घेऊन तो दांडगा मुलगा पंगतीच्या मध्ये उभा होता. आकडा वाढला तसा भोंग्यातला आवाज फाटला. "नाय सर. पाया पडतो सर. उद्या करतो सर." मग सरांचा शांत आवाज, "तुझ्या बापाला सांग, एवढी बागायत आहे, गाढवं वळायला गडी लागत असेल. तुलाच ठेव म्हणावं." त्यावर टेपमधला वर्ग हसला, आणि टेपमधल्या वर्गाबरोबर व्याह्यांची पंगत हसली.

नवरदेवाचे चुलते जागेवरून उठले. वाटेत आलेली पाण्याची कळशी त्यांनी लाथेने उडवली. त्यांच्यामागे घरचे आणखी तिघे. मंडपाचा एक बांबू उपटताना कापड फाटल्याचा आवाज मी ऐकला. आबा उष्ट्या हाताने धावत आले आणि मशीनवर आडवे झाले.

"बंद करतो, बंद करतो. थांबा राव, चूक झाली."

"गावाला ऐकवतो व्हय?" बांबू पाठीवर बसला, मग खांद्यावर. आबांनी मशीनवरचा हात काढला नाही, म्हणून तिसरा हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज भोंग्यातल्या छडीपेक्षा लहान होता, पण मला वेगळा ऐकू आला. एकाने त्यांना केसाला धरून ओढलं आणि बाकीच्यांनी लाथा घातल्या. टेप टेबलावरून खाली पडला. वायर तुटली नव्हती, म्हणून तो मातीत पडून तसाच बोलत राहिला. खाली माझ्या बापाच्या बरगड्यांत लाथा बसत होत्या आणि वर लिंबावरून सर प्रमेय सांगत होते. हा कोन ह्या कोनाएवढा.

कोणी म्हातारं मध्ये पडलं. "अरे, मारलं मास्तरनं. ह्याला का मारता?"

नवरदेवाचे चुलते धापा टाकत म्हणाले, "मास्तरनं मारलं ते त्याचं काम हाय. ह्यानं ऐकवलं कशाला?" आणि खुर्चीकडे वळून, "गुरुजी, तुमी बसा. तुमचं काय न्हाई त्यात."

सर बसले नाहीत. ते उठून टेबलापाशी आले. भाऊ तिथेच, मशीनच्या मागे उकिडवा होता. तो पळाला का नाही, त्याने टेप का बंद केला नाही, असं सगळ्यांनी नंतर विचारलं. त्याने मला एकटीलाच सांगितलं, "मला वाटलं, सर खरंच मागे आलेत." आता ते खरंच आले होते. वायर काढायला त्यांनी हात पुढे केला, आणि भावाने दोन्ही तळहात डाव्या कानावर दाबून मान खांद्यात घातली.

मंडपातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. सरांचा हात जिथे होता तिथेच राहिला. भोंग्यातून ते स्वतः म्हणाले, "कळलं?" आणि वर्ग म्हणाला, "हो सर." मग चुलत्यांचा बांबू ॲम्प्लिफायरवर बसला आणि गाव एकदम शांत झालं.

सरांनी टोपी काढून खिशात घातली आणि ते न जेवता निघून गेले. मी ओढणी फाडून आबांचा हात बांधला. मग मोजदाद केली. ॲम्प्लिफायर फुटला. एक भोंगा चेपला. टेपचं झाकण निघालं, आतला पट्टा तुटला, सेल मातीत गेले. कॅसेटच्या खोक्यावर पाय पडले होते, त्यातली एकही वाजण्यासारखी राहिली नाही. आबांच्या दोन बरगड्या आणि अंगठा. आईने आबांना बैलगाडीत घातलं आणि घरी जाईपर्यंत ती एकच वाक्य म्हणत होती, "हात पोचणार न्हाई म्हनं."

परीक्षेला तीन महिने राहिले होते आणि भावाचा मास्तर मातीत गेला होता. आता एक तर त्याने शाळा सोडायची किंवा त्या हाताखाली जाऊन बसायचं. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी सकाळी त्याने टेपचं झाकण सुतळीने बांधलं, वरची माती पुसली आणि तो काखेत मारून माझ्याबरोबर निघाला.

"हा चालत नाही," मी म्हणाले.

"मला माहीत आहे. सरांना माहीत नाही."

वर्गात त्याने टेप टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि अगदी डाव्या टोकाच्या बाकावर भिंतीला डावा कान देऊन बसला, म्हणजे त्या बाजूने कोणी येऊ शकणार नाही. टेपची काय अवस्था झाली ते लग्नाला आलेल्या प्रत्येक पोराने पाहिलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. तो दांडगा मुलगा उठला, भावाच्या शेजारच्याला म्हणाला, "उठ, तिकडं बस," आणि स्वतः त्याच्याजवळ बसला.

सर आले. टेपकडे बघितलं आणि शिकवायला लागले. पहिल्या आठवड्यात एकदा त्यांचा हात कोणावर तरी उठला. सगळ्या वर्गाने एकदम टेपकडे मान वळवली. हात खाली आला आणि त्याने डस्टर उचललं. त्यानंतर मी रोज पाहत होते. हात उठायचा, माना वळायच्या, हात डस्टरकडे जायचा. घासून घासून फळा काळाकुट्ट झाला होता.

एक दिवस त्यांना टेबलावर मोठा कंपास ठेवायचा होता. त्यांनी टेप बाजूला करायला उचलला. सहा सेलांचं वजन असेल या हिशेबाने त्यांनी जोर लावला आणि टेप त्यांच्या छातीपर्यंत उडाला. रोज वाहणाऱ्या मला ते लगेच कळलं, त्यांनाही कळलं. त्यांनी टेप दोन्ही हातांनी परत खाली ठेवला. मग वर्गाकडे पाठ केली आणि आकृती काढायला लागले.

"आता हा कोन बघा. ह्याच्यासमोरचा हा."

भाऊ उभा राहिला. "सर, हा म्हणजे कुठला?"

त्या वर्गात असं कोणी कधी विचारलं नव्हतं. सर प्लॅटफॉर्मवरून उतरले आणि त्याच्याकडे चालत आले. भावाचा तळहात कानावर गेला, पण तो खाली बसला नाही. दांडग्या मुलाने बाकाची कड धरली. सर थांबले. मग बाकाला वळसा घालून उजव्या बाजूला आले आणि त्यांनी खडू पुढे केला.

"तू दाखव. तुला कुठला वाटतो?"

भावाने फळ्यावर जाऊन दाखवला. चुकीचा.

"चूक," सर म्हणाले. "परत बघ."

आम्ही सगळे वाट बघत होतो. काही आलं नाही. त्याने परत बघितलं आणि दुसरा दाखवला.

"का?"

तो बराच वेळ गप्प राहिला. तेवढा वेळ सर पायरीखाली उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. आणि मग त्याने कारण सांगितलं.

हे वाचून सर बदलले असं कोणी समजू नये. आमच्यानंतरचा त्यांचा तास नववीवर असायचा आणि मधली भिंत पातळ होती. "हात पुढे. मोज." नववीत टेप नव्हता. आम्ही इतिहासाच्या धड्यावर बोट ठेवून ते मोजणं ऐकत बसायचो.

भाऊ दहावी झाला. गणितात काठावर नाही, चांगला. डावा कान अर्धा राहिला तो राहिला. रेडिओचा कोर्स केला, पुढे मोबाइल दुरुस्त करायला लागला, आणि मी क्लास काढला तेव्हा माझ्या मशिनी तोच सांभाळत होता. आबा स्टुलावर बसून सगळं बघायचे. गणिताची सीडी लावली, की चित्र हलायचं, कोन रंगाने भरायचा, बाई गोड आवाजात सांगायची. चुकलं तर पुन्हा सांगायची, कितीही वेळा.

"म्हनलं व्हतं का न्हाई?" आबा म्हणायचे. आणि एकदा, सगळी पोरं हेडफोन लावून बसलेली असताना, ते हळूच म्हणाले, "हात पोचत न्हाई हे बेस झालं. पण ह्यातलं एखादं रडलं, तर शेजारच्याला बी कळायचं न्हाई."

ते टोपीवाले आजोबा येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू क्लासला आला. हेडफोन कमी होते, म्हणून त्याला स्पीकरच्या मशीनवर बसवलं. पहिलंच उत्तर चुकलं आणि स्पीकरमधून टुंग असा आवाज आला. मुलाने डोळे मिटले आणि उजवा तळहात मॉनिटरपुढे धरला. तसाच धरून बसला.

मी आधी सगळ्या मशिनींचे आवाज बंद केले. भाऊ पलीकडे स्क्रू आवळत होता. तो उठून आला.

"हात खाली घे," तो म्हणाला. "ह्याला हात न्हाईत."

मुलाने एक डोळा उघडला. "मग शिकवतंय कोण?"

"सरक जरा," भाऊ म्हणाला, आणि स्टूल ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसला. म्हणजे पोरगं काही बोललं, तर ते त्याच्या उजव्या कानाला ऐकू आलं असतं.